मलेरिया सापडला, शोध थांबला

तापानं फणफणलेल्या मुलाच्या रक्ततपासणीचा कागद हाती आला की घरचे आधी एकच ओळ शोधतात. ‘एम. पी.’पुढे (म्हणजे मलेरियाचे परजीवी) काय लिहिलंय? ‘पॉझिटिव्ह’ असेल तर काळजी वाटतेच, पण थोडं हायसंही वाटतं. दुखण्याला नाव मिळालं, औषधही आहे. पुढे ताप उतरला नाही, आकडी आली, मूल हाकेला ओ देईनासं झालं, तरी त्या कागदामुळे सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, मेंदूचा मलेरिया. भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत कोणी त्याला ‘दिमागी बुखार’ म्हणेल, कोणी ‘ताप डोक्यात गेला’ म्हणेल. नाव कुठलंही असो, पुढची सगळी धावपळ त्या एका ओळीच्या आधारानं होते.

त्या ओळीशी न थांबता पुढचं विचारायला हवं. रक्तात मलेरियाचे परजीवी असलेल्या बेशुद्ध मुलाच्या शरीरात त्याच वेळी एखादा विषाणूही असतो का? असला तर त्यानं काय बिघडतं? आणि आपण तो शोधतो का? गेल्या पंचवीसेक वर्षांत या प्रश्नांवर बरंच काम झालं आहे, पण त्यातलं बहुतेक आफ्रिकेतलं आहे. आपल्याकडे प्रश्न तितकाच जवळचा आहे, पण तो फारसा विचारला जात नाही.

तो जवळचा का, हे भिवंडीत उभं राहून पाहिलं की लगेच कळतं. निजामपूर हे नाव भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातच आहे. 2011च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती, आणि यंत्रमागांवर काम करणाऱ्यांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून आलेली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा डास विहिरीत आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो. डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस त्याच घराच्या मोरीतल्या पिंपात वाढतो. पहिला रात्री चावतो, दुसरा दिवसा. नळाला पाणी रोज येत नसेल तर पिंप भरून ठेवावेच लागतात, आणि मग एकाच मुलाला दोन्ही डास चावतात. सणाला किंवा लग्नाला गावी जाऊन आलेलं कुटुंब कधी तिकडचा फॅल्सिपेरम मलेरिया घेऊन येतं, कधी तिकडचा दुसराच ताप.

मेंदूच्या मलेरियात आत काय घडतं ते आधी नीट समजून घ्यायला हवं. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी लाल रक्तपेशीत वाढू लागला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं येतात. अशा पेशी मेंदूतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतात. परजीवी रक्तवाहिनी सोडून मेंदूच्या पेशींत शिरतच नाही. तो आतून वाट तुंबवतो, अस्तर खराब करतो, पाणी झिरपतं आणि मेंदू सुजतो. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात अशा 168 मुलांच्या मेंदूचं एमआरआय करून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 25 मुलं दगावली, आणि त्या 25 पैकी 21 मुलांचा मेंदू दाखल होतानाच खूप सुजलेला होता. सुजेनं श्वास चालवणारा भाग दाबला जातो आणि मुलाचा श्वास थांबतो. विषाणूची वाट वेगळी असते. तो बहुधा मेंदूच्या पेशींत किंवा मेंदूभोवतीच्या आवरणात शिरून दाह निर्माण करतो. खाटेशी उभं राहून पाहणाऱ्याला मात्र दोन्हींचं चित्र एकच दिसतं. ताप, आकडी, बेशुद्धी.

ब्लँटायर हे नाव या लेखात वारंवार येईल, कारण तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलात टेरी टेलर आणि माल्कम मॉलिनो या डॉक्टरांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग मेंदूच्या मलेरियामागे घालवला. लहान मुलाची बेशुद्धी मोजायची ‘ब्लँटायर कोमा पट्टी’ त्यांचीच. पाच गुणांच्या या पट्टीवर दोन किंवा त्याहून कमी गुण, रक्तात फॅल्सिपेरम, आणि बेशुद्धीचं दुसरं कारण नाही, अशी मेंदूच्या मलेरियाची रुग्णालयीन व्याख्या आहे. शेवटची अट वाचायला सोपी, पाळायला अवघड. ‘दुसरं कारण नाही’ असं म्हणण्याआधी ते शोधावं लागतं. आणि अट शब्दशः घेतली तर मलेरिया आणि विषाणू दोन्ही असलेलं मूल व्याख्येत बसतच नाही.

या व्याख्येत किती चूक लपलेली आहे, हे त्या डॉक्टरांनी स्वतःच तपासलं. मेंदूचा मलेरिया असं निदान होऊन दगावलेल्या 31 मुलांचं शवविच्छेदन त्यांनी पालकांच्या संमतीनं केलं आणि 2004 साली निकाल मांडला. 7 मुलांच्या मेंदूत चिकटलेल्या रक्तपेशी सापडल्याच नाहीत. त्यांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. म्हणजे जवळपास चारातल्या एका मुलाचं निदान चुकलं होतं, आणि तेही जगातल्या सर्वांत अनुभवी हातांकडून. जिवंतपणी हे दोन गट वेगळे ओळखायला एकच खूण उपयोगी पडली. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उमटणारे पांढुरके चट्टे, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या आणि मधोमध पांढरट असलेले रक्तस्रावाचे ठिपके. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांत जे चाललंय ते तिथे दिसतं. मलेरियाच्या संशोधनातला हा मला सर्वांत मोलाचा शोध वाटतो, कारण त्याला लाखोंचं यंत्र लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब, हातातला ऑफ्थॅल्मोस्कोप आणि शिकलेली नजर पुरते.

त्याच रुग्णालयातून 2007 साली आलेली नोंद वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. मेंदूच्या मलेरियानं गेली असं समजलेल्या 26 मुलांपैकी 3 मुलं प्रत्यक्षात रेबीजनं गेली होती. रेबीज म्हटलं की पाण्याला घाबरणारा, पिसाळलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो, पण त्याचा एक प्रकार शांत असतो, मूल लुळं पडत जातं आणि बेशुद्ध होतं. चावा महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचा, जखम भरून गेलेली, आणि रक्तात मलेरिया पॉझिटिव्ह. कुत्र्याबद्दल कोण विचारणार? भिवंडीच्या गल्ल्यांतून फिरणारी कुत्री पाहिली की ही नोंद परदेशातली वाटत नाही.

मग 2013 साली मॅकफर्सन मलेवा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. या विषयाचा तो कणा आहे, म्हणून त्याचे आकडे सविस्तर देतो. मेंदूच्या संसर्गाचा संशय असलेली 513 मुलं त्यांनी घेतली. सगळ्यांच्या रक्तात मलेरिया पाहिला आणि पाठीच्या पाण्यात विषाणू शोधले. 133 मुलांत, म्हणजे 26 टक्के मुलांत, विषाणू सापडला. बारा निरनिराळ्या जातींचे विषाणू होते. ॲडिनोव्हायरस सर्वांत जास्त, 42 मुलांत. मलेरियाचे परजीवी आणि विषाणू दोन्ही असलेली मुलं 45 होती. मेंदूच्या मलेरियाच्या व्याख्येत चपखल बसणाऱ्या 78 मुलांपैकी 27 मुलांत विषाणूही होता, म्हणजे तिघांतल्या एकापेक्षा थोडे अधिक. आणि मृत्यू? नुसते परजीवी असलेल्या 118 मुलांपैकी 7 दगावली, सहा टक्के. नुसता विषाणू असलेल्या 88 पैकी 26, तीस टक्के. दोन्ही असलेल्या 45 पैकी 17, अडतीस टक्के. दोन्ही असलेल्या मुलांना आकड्याही जास्त आल्या.

सहा आणि अडतीस. इतका फरक असेल तर ‘मलेरिया सापडला’ एवढ्यावर थांबणं परवडणारं नाही.

तरीही या आकड्यांचा अर्थ सरळ नाही, आणि तो ताणू नये. एक अर्थ असा की विषाणूच खरा मारेकरी होता आणि मलेरिया फक्त हजर होता. मलावीसारख्या प्रदेशात, आपल्याकडे गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलभागात, वारंवार डास चावून चावून लोकांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती येते आणि ठणठणीत दिसणाऱ्या मुलाच्या रक्तातही परजीवी सापडतात. तसं मूल दुसऱ्या कशानं बेशुद्ध पडलं तरी रक्ताची काचपट्टी मलेरियाचीच साक्ष देते. दुसरा अर्थ असा की दोघे मिळून जास्त घात करतात. आणि तिसरी शक्यता, पाठीच्या पाण्यात विषाणूचे अंश असणं म्हणजे रोग त्यानंच केला असं नव्हे. काही विषाणू लहानपणी शरीरात शिरून गुपचूप बसतात आणि दुसऱ्या आजारात अंग खचलं की डोकं वर काढतात.

दोघांनी मिळून घात करण्याच्या बाजूनं काही पुरावे आहेत. एचआयव्ही आणि मेंदूचा मलेरिया दोन्ही असलेल्या, दगावलेल्या मुलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अधिक साचलेल्या ब्लँटायरलाच दिसल्या. मेंदूच्या मलेरियानं गेलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी ‘सीडी 8’ जातीच्या पेशी जमलेल्या आढळल्याचं 2020 साली प्रसिद्ध झालं. या पेशींचं नेहमीचं काम विषाणू शिरलेल्या पेशी मारण्याचं. एखाद्या विषाणूनं त्या आधीच खवळलेल्या असतील तर मलेरियात त्या रक्तवाहिन्यांवर जास्त तुटून पडतील, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण उंदरांवरचे प्रयोग दोन्ही बाजूंनी बोलतात. काही विषाणूंमुळे उंदरांची मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती ढासळली, तर चिकुनगुनियाबरोबर मलेरिया झालेल्या उंदरांत चिकुनगुनियाची सूज कमी झाली. म्हणजे ‘दोन आजार म्हणजे दुप्पट नुकसान’ हा हिशेब शरीर पाळत नाही. कोणता विषाणू, कोणता परजीवी आणि आधी कोण आलं, यावर सगळं अवलंबून आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. मुलांचा मेंदू काही तासांत निकामी करणाऱ्या एका विषाणूला महाराष्ट्रातल्या गावाचं नाव आहे. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं तो वेगळा केला. हे केंद्र 1952 साली सुरू झालं आणि 1978 पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखलं जातं. पुढची जवळपास चार दशकं चांदीपुरा हे नाव तज्ज्ञांपुरतंच राहिलं. 2003च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलं मेंदूज्वरानं आजारी पडली, 183 गेली, आणि त्यामागे चांदीपुरा असल्याचं पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याच वर्षी आणि नंतर 2007 सालीही विदर्भात त्यानं मुलं नेली. 2024च्या जून ते ऑगस्टमध्ये देशात, मुख्यतः गुजरातमध्ये, मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या 64 रुग्णांत चांदीपुरा निश्चित झाला. हा विषाणू वालुमाशी पसरवते. मातीच्या, कुडाच्या भिंतींच्या भेगांत राहणारी ही माशी डासापेक्षाही लहान असते. सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी नसतं, इतका याचा वेग.

आता विदर्भातल्या एखाद्या आश्रमशाळेतलं मूल डोळ्यांसमोर आणा. पावसाळा, ताप, आकडी, बेशुद्धी. चांदीपुराचा, जपानी मेंदूज्वराचा आणि फॅल्सिपेरमचा हंगाम एकच. काचपट्टी पॉझिटिव्ह आली तर ते मूल हिवतापाच्या नोंदवहीत जातं. निगेटिव्ह आली तर मेंदूज्वराच्या. मेंदूज्वराच्या बऱ्याच अभ्यासांत मलेरिया सापडलेली मुलं सुरुवातीलाच वगळली जातात. मलेरियाच्या अभ्यासांत दुसरं कारण सापडलेली. एकच मूल दोन्ही नोंदवह्यांत लिहिण्याची सोय नाही. दुहेरी संसर्ग आपल्याकडे विरळा दिसतो, त्याचं एक मोठं कारण या मांडणीत आहे. जे मोजायचंच नाही असं आधी ठरवलं, ते कमीच भरणार.

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात हाच घोळ डेंग्यूच्या रूपानं होतो. दोन्ही तापांत प्लेटलेट घसरतात. घरोघर ‘प्लेटलेट किती?’ हीच चर्चा असते आणि डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली की मलेरिया पाहायचा राहून जातो, किंवा उलट. मुंबईतल्या डॉक्टरांनी दोन्ही ताप एकत्र असलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. डेंग्यूचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो, तसाच तान्ह्या मुलांत चिकुनगुनियाचाही. चाचण्याही पूर्ण विश्वासाच्या नाहीत. मलेरियाची झटपट पट्टी ज्या प्रथिनावर चालते ते फॅल्सिपेरमचं प्रथिन औषधानं परजीवी मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं, म्हणजे गेल्या महिन्यातला मलेरिया आजच्या पट्टीवर उमटू शकतो. उलट मलेरियात शरीर इतक्या तऱ्हेच्या प्रतिपिंडांचा पूर सोडतं की विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

व्हायवॅक्सबद्दल मला ठाम बोलायचं आहे. मुंबई-ठाण्यात मलेरियाचे बहुसंख्य रुग्ण या जातीचे असतात. व्हायवॅक्सही गंभीर होऊ शकतो, राजस्थानातल्या बिकानेरच्या डॉक्टरांनी ते 2005 साली दाखवून दिलं. पण फॅल्सिपेरमसारखा तो मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबवत नाही. शिवाय तो यकृतात झोपून राहतो आणि दुसऱ्या एखाद्या तापानं जागा होऊ शकतो, याला आधार आहे. म्हणजे आधी विषाणूचा ताप, त्यानं जागा झालेला व्हायवॅक्स, आणि कागदावर नाव फक्त व्हायवॅक्सचं. निजामपुऱ्यातलं मूल व्हायवॅक्स पॉझिटिव्ह असेल आणि बेशुद्ध असेल, तर दुसरं कारण शोधल्याशिवाय त्याला मेंदूचा मलेरिया म्हणणं चूक आहे.

मग करायचं काय? मलेरियाचं औषध एक मिनिटही थांबवायचं नाही. आर्टिसुनेटचं इंजेक्शन तातडीनं सुरू व्हायला हवं. आफ्रिकेतल्या 5425 मुलांवरच्या चाचणीत, 2010 साली, क्विनिन घेतलेली 10.9 टक्के मुलं दगावली आणि आर्टिसुनेट घेतलेली 8.5 टक्के. शोध या औषधाच्या जोडीनं चालला पाहिजे. त्यातली मोठी अडचण पाठीच्या पाण्याची. ‘पाठीचं पाणी काढलं की पोर लुळं पडतं’ ही भीती घरोघर आहे आणि तिच्यापायी आईवडील नकार देतात. मेंदू फार सुजला असेल तर डॉक्टरही ती तपासणी पुढे ढकलतात, ते योग्यच. पण मुलाची प्रकृती साथ देत असेल तर ती झालीच पाहिजे, कारण दुसऱ्या कारणांपैकी काहींना औषध आहे. जिवाणूजन्य मेंदूज्वराला सेफ्ट्रिॲक्सोन, हर्पिसला ॲसिक्लोव्हिर. गोरखपूर भागात वर्षानुवर्षं विषाणूच्या माथी मारलेल्या मेंदूज्वरात मोठा वाटा स्क्रब टायफस या जिवाणूजन्य तापाचा निघाला, आणि तो डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीनं बरा होतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर गोरखपूरकडच्या पूर्वांचलातून आलेली माणसं आहेत. मूल नुकतंच गावाहून आलं असेल तर ही शक्यता डॉक्टरांच्या मनात पहिली यायला हवी.

प्रयोगशाळा दूर नाहीत. परळला हाफकिनच्या आवारात राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मुंबई केंद्र आहे, पुण्याला मूळ संस्था आहे. मलेरिया पॉझिटिव्ह असलेल्या बेशुद्ध मुलाचा नमुनाही विषाणू तपासणीसाठी पाठवावा, असा साधा लेखी नियम राज्यानं केला तर दोन पावसाळ्यांत महाराष्ट्राकडे स्वतःचे आकडे असतील. आणि बालरोगतज्ज्ञांना दृष्टिपटल वाचायला शिकवावं. या दोन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

काही विषाणूंना तर शोधायची वेळच येऊ नये. 2022च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव आणि भिवंडीत गोवर पसरला, मुलं दगावली. गोवर शरीराची आधी कमावलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, तीही कित्येक महिन्यांसाठी. त्या काळात मुलाला दुसरा कोणताही संसर्ग जड जातो. गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. गालगुंडाचा विषाणूही मेंदूपर्यंत जातो, पण राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसीत गालगुंड नाही. त्या लसीत त्याचाही समावेश हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. लस आता मलेरियावरही आहे. आर 21 ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते आहे.

वाचलेल्या मुलांचंही सगळं संपत नाही. युगांडात मेंदूच्या मलेरियातून उठलेल्या सुमारे चौथाई मुलांची समज दोन वर्षांनंतरही मागे होती. ब्लँटायरला अशा 132 मुलांपैकी 12 मुलांना पुढे अपस्मार जडला. तुलनेसाठी घेतलेल्या 264 मुलांत एकालाही नाही. आपल्याकडे मूल शुद्धीवर आलं की घरी जातं आणि शाळेत मागे पडलं तर ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून मार खातं. अशा मुलाला सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा दाखवायला हवं.

निजामपुऱ्यातल्या आईबापांना एवढंच सांगायचं आहे. तापात मूल बरळू लागलं, आकडी आली, उठवूनही उठेना, तर रात्र काढू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. मलेरिया निघाला तरी ‘आणखी काही आहे का?’ असं डॉक्टरांना विचारा. पाठीचं पाणी काढायचं म्हणाले तर काढू द्या. मूल गेल्या महिन्यात कुठल्या गावी गेलं होतं ते सांगा, लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. आणि कुत्रं चावलं असेल तर तेही सांगा, जखम कधीचीच भरून गेली असली तरी.